आईच्या आईची आई कोण? बेने इस्रायल आणि १९६२ चा आदेश

अलिबागच्या उत्तरेला, समुद्राला लागून नवगाव आहे. तिथे मातीचे दोन जुने उंचवटे होते. एकाखाली पुरुष पुरले आहेत, दुसऱ्याखाली बायका, असं बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या, घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं. चौल बंदराकडे निघालेलं एक गलबत खांदेरी-उंदेरीच्या आसपास खडकावर आपटून फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या जिवंत काठाला लागल्या. लाटांनी आणून टाकलेली बाकीच्यांची प्रेतं त्या दोन खड्ड्यांत गेली. पोथ्या समुद्रात बुडाल्या. वाचलेल्यांच्या ओठांवर शेमा ही एकच प्रार्थना उरली होती. आज त्या जागी स्मारक उभं आहे.

या गोष्टीला कुणी कागद मागितला नव्हता. कोकणात मागण्याचं कारणही नव्हतं. चित्पावनांची चौदा प्रेतांची गोष्ट याच किनाऱ्यावरची, चिपळूणची. समुद्राने आणून टाकलेली माणसं आणि त्यांतून उभी राहिलेली जात. थोडं उत्तरेला गेलं की संजाणला उतरलेल्या पारशांची गोष्ट आहे. समुद्राकडे पाठ करून बसलेल्या गावांनी ही सगळी माणसं सामावून घेतली, काम दिलं आणि कामावरून नाव दिलं. शनिवारी, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद ठेवणारे तेली म्हणून हे झाले ‘शनिवार तेली’. शेजाऱ्यांच्या दृष्टीने एवढी ओळख पुरेशी होती.

पुढे ही माणसं इस्रायलला गेली आणि १९६२ मध्ये त्यांच्या लग्नाच्या अर्जावर एक प्रश्न येऊन बसला: तुमच्या आईची आई कोण, तिची आई कोण, आणि त्या मागे जाता येईल तितक्या सगळ्या ज्यू होत्या याला आधार काय? घरातून सांगत आलेली वंशाची आठवण एखाद्या कचेरीच्या टेबलावर पुरावा म्हणून ठेवावी लागली की तिचं काय होतं, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला मराठी माणसांच्या इतिहासात दुसरं दिसत नाही. म्हणून हे प्रकरण नीट उलगडून पाहावंसं वाटलं.

आठवण कशात साठवली होती

बेने इस्रायलांच्या आठवणीची पहिली जागा म्हणजे आडनाव. केहिमकर, नवगावकर, पेणकर, अष्टमकर, दिवेकर, झिराडकर, आवासकर, मापगावकर, रोहेकर, चेऊलकर. ही यादी वाचली तरी अष्टमी-रोह्यापासून किहीम-आवासपर्यंतचा नकाशा डोळ्यांपुढे येतो. मुंबईत चार पिढ्या काढलेल्या, मग इस्रायलमध्ये दोन पिढ्या काढलेल्या घरालासुद्धा आपलं मूळ गाव आडनावातून ठाऊक असतं. पूर्वीची पहिली नावंही अशीच कोकणी होऊन टिकलेली: सॅम्युएलचा समाजी, आयझॅकचा हसाजी, बेंजामिनचा बेनाजी, एलायजाचा एलोजी.

दुसरी जागा स्वयंपाकघर. सणांची हिब्रू नावं विसरली गेली, पण सण राहिले आणि त्यांना मराठी नावं पडली. रोश हशाना, म्हणजे ज्यूंचं नवं वर्ष, झाला ‘नव्याचा सण’. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकाचा उपास झाला ‘बिरड्याचा रोजा’, म्हणजे वालाचं बिरडं त्या दिवसाचं खाणं. वल्हांडणाचा, म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून सुटल्याच्या आठवणीचा सण, झाला ‘अनाशी ढाकाचा सण’, आंबट पदार्थाचं भांडं झाकून ठेवायचा. ‘खिरीचा सण’ होता, ‘शिळा सण’ होता. या नावांकडे मी पुन्हा पुन्हा येतो. कुणी शिकल्यासवरल्या माणसाने ठेवलेली नावं अशी नसतात. चुलीपुढे बसलेल्या बाईने ठेवलेली असतात. सण कशाचा हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण त्या दिवशी कोणतं भांडं झाकायचं हे तिच्या सासूने तिला दाखवलं होतं.

डेव्हिड राहाबीच्या गोष्टीतही परीक्षा स्वयंपाकघरातच होते. बाहेरून आलेल्या या ज्यू माणसाला हे तेली आपलेच असावेत असा संशय आला. त्याने घरातल्या बायकांपुढे मासळी ठेवली, त्यात खवल्यांची होती आणि बिनखवल्यांचीही. बायकांनी बिनखवल्यांची बाजूला काढली. ही आम्ही खात नाही, म्हणाल्या. बिनखवल्यांची मासळी ज्यू धर्मात निषिद्ध; त्यावर त्याला खूण पटली. मग त्याने झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या तीन घराण्यांतल्या माणसांना प्रार्थना शिकवली आणि ती माणसं समाजाचे काजी, म्हणजे धर्मकृत्यं चालवणारे, झाले. हा राहाबी कोणत्या काळातला यावर मतं टोकाची वेगळी आहेत. काही जण त्याला हजार वर्षांपूर्वी नेतात. काहींच्या मते ही आठवण अठराव्या शतकात कोचीनला डच कंपनीशी व्यापार करणाऱ्या राहाबी घराण्याची. पण त्याला मिळालेली साक्ष बायकांनी दिली, तीही हाताने, एवढा भाग प्रत्येक सांगण्यात सारखा राहतो. मोठ्या काळाच्या गोष्टीत वर्ष निसटतं आणि कृती राहते, हा माझा अनुभव इथेही खरा ठरतो.

तिसरी जागा नवस. एलियाहू हनबी, म्हणजे पैगंबर एलिया, हा बेने इस्रायलांचा सगळ्यात जवळचा. अलिबागजवळच्या खंडाळे-सागाव भागात कातळावर त्याच्या रथाची खूण दाखवतात. मनातलं काम झालं, लग्न ठरलं, नवं घर घेतलं की मलिदा करायचा: भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, सुका मेवा, वर फळं, आणि भोवती बसून एलियाहूचं गाणं. जगातल्या इतर ज्यूंत हा विधी या रूपात नाही. तो कोकणातल्या पोह्यांचा आहे आणि तरी पूर्णपणे ज्यू आहे.

चौथ्या जागेबद्दल, म्हणजे लिहिलेल्या कागदाबद्दल, फार सांगण्यासारखं नाही. या समाजाचा जुना लेखी उल्लेख १७३८ मधल्या एका डॅनिश मिशनऱ्याच्या पत्रात मिळतो. त्याआधीचं त्यांचं स्वतःचं लिखाण नाही. मुंबईत पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर, १७९६ मध्ये बांधलं गेलं, मशीद बंदर भागातलं शार हराहमीम. ते बांधणारे समाजी हसाजी दिवेकर कंपनीच्या फौजेत होते आणि टिपूच्या कैदेत सापडले होते. सांगतात की टिपूच्या आईने त्यांची जात विचारली. ‘बनी इस्रायल’ हे कुराणातलं नाव कानी पडल्यावर तिने त्यांना वाचवलं, आणि सुटका झाल्याबद्दल समाजींनी हे देऊळ बांधलं. या गोष्टीत एक शब्द जीव वाचवतो, आणि तोच शब्द दीडशेहून अधिक वर्षांनी लग्नाच्या अर्जावर संशयाचा होतो. १८४६ मध्ये मुंबईत मराठी हगादा, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी, शिळाप्रेसवर छापला गेला, १८७४ मध्ये पुण्यात चित्रांचा निघाला. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी समाजाचा पहिला मोठा इतिहास १८९७ मध्ये लिहून पुरा केला आणि तो छापून आला १९३७ मध्ये, तेल अवीवला. म्हणजे ज्यांना पुढे मागच्या पिढ्यांचे दाखले मागितले गेले, त्यांच्याकडे लेखी आठवण मुळात एकोणिसाव्या शतकातच सुरू होत होती.

आदेश

१९४८ नंतर बेने इस्रायल इस्रायलला जाऊ लागले. त्यांना इथून कुणी हाकललं नव्हतं, ही गोष्ट त्यांनी स्वतः नेहमी आवर्जून सांगितली आहे. छळ नसताना सोडलेलं गाव जास्त आठवतं की कमी, हे मला ठरवता आलेलं नाही. कुठल्याही ज्यूला इस्रायलमध्ये येण्याचा हक्क देणाऱ्या १९५० च्या परतीच्या कायद्याखाली ते ज्यू म्हणूनच उतरले आणि ज्यू म्हणूनच नागरिक झाले. वाट्याला आली ती बीरशेबासारखी वाळवंटाच्या काठची नवी वस्ती, जड काम आणि रंगावरून ऐकावे लागलेले बोल. काही कुटुंबांनी तेल अवीवला ठिय्या दिला, आम्हाला परत पाठवा म्हणाले, आणि १९५२ मध्ये शंभरावर माणसं खरोखर विमानाने मुंबईला परत आली. त्यांतले बरेच पुढे पुन्हा इस्रायलला गेले.

लग्नाची अडचण याच्या आड दबलेली होती. इस्रायलमध्ये नोंदणी विवाह नाही. १९५३ च्या कायद्याने ज्यूंचं लग्न आणि घटस्फोट रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, न्यायालयाकडे सोपवले. त्यामुळे विमानतळावर ज्यू ठरलेला माणूस लग्नाच्या नोंदणीपाशी पुन्हा तपासला जाऊ शकत होता, आणि काही नोंदणी करणारे रब्बी बेने इस्रायल वधू-वरांना परत पाठवू लागले.

त्यांचा संशय दुहेरी होता आणि तो समजून घेतल्याशिवाय हे प्रकरण कळत नाही. ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे ज्यूपण आईकडून येतं. शेकडो वर्षं एकटं पडलेल्या या समाजात स्थानिक बायका लग्न होऊन आल्या असतील, त्यांचं धर्मांतर शास्त्रोक्त झालं असेल कशावरून? हा पहिला संशय. दुसरा याच्या उलट दिशेचा. हे लोक खरोखर ज्यू असतील, तर त्यांच्यातल्या घटस्फोटांना ‘गेट’ हा शास्त्रोक्त सोडपत्राचा कागद हवा होता. तो नसताना दुसरं लग्न केलेल्या बाईची मुलं शास्त्राप्रमाणे कलंकित ठरतात आणि त्यांना इतर ज्यूंशी लग्न करता येत नाही. म्हणजे ज्यू नसाल तर लग्न नाही, आणि ज्यू असाल तरी कदाचित नाही. एकटं राहून धर्म टिकवला याचं कौतुक व्हायला हवं होतं, तिथे एकटं राहणंच दोष ठरलं.

ऑक्टोबर १९६१ मध्ये मुख्य रब्बिनेटने, म्हणजे देशातल्या सर्वोच्च रब्बींच्या मंडळाने, निर्णय दिला की बेने इस्रायलांशी लग्न करायला हरकत नाही. तेव्हा सेफार्दी, म्हणजे स्पेनकडच्या आणि पूर्वेकडच्या परंपरेतल्या ज्यूंचे, मुख्य रब्बी यित्झाक निस्सीम होते. समाजाला वाटलं, संपलं. पण फेब्रुवारी १९६२ मध्ये नोंदणी करणाऱ्या रब्बींसाठी सूचना निघाल्या. अर्जदार बेने इस्रायल असेल तर त्याची किंवा तिची आई, आईची आई, असं जाता येईल तितकं मागे जाऊन त्या ज्यू होत्या का, की धर्मांतरित, हे तपासावं. आईवडील, आजीआजोबा यांच्यापैकी कुणी घटस्फोटानंतर पुन्हा लग्न केलं होतं का, शास्त्राने निषिद्ध नात्यात केलं होतं का, हेही पाहावं. शंका राहिल्यास प्रकरण रब्बींच्या न्यायालयाकडे पाठवावं.

लग्नाला परवानगी देणाऱ्या निर्णयाच्या पाठोपाठ आलेला हा आदेश होता. त्याने एका समाजाचं नाव घेऊन चौकशी सांगितली होती. पोलंडहून आलेल्या मुलीला किंवा मोरोक्कोहून आलेल्या मुलाला हे प्रश्न नव्हते. माझ्या मते खरी जखम इथे आहे. प्रश्न शास्त्रातला असेल तर तो सगळ्यांना विचारावा.

नेमकी तीच बाजू कोरी

आता आदेशाचा प्रश्न आणि आठवणीच्या जागा शेजारी ठेवून पाहा.

आडनाव गाव सांगतं, पण बापाचं. पेणकरांच्या घरात आलेली सून पेणकर होते आणि तिचं माहेरचं आडनाव एका पिढीनंतर कुणाला तरी आठवलं तर आठवतं. तिच्या आईचं माहेर त्याहून दूर. तिच्या आईच्या आईचं नाव कुणालाच नाही. ही बेने इस्रायलांची खोड नाही. तुमच्या-माझ्या घरातही हेच आहे. कुलवृत्तांत उघडून पाहा: बापाकडची पंधरा नावं एका ओळीत मिळतील, आणि आईची आई हे सहसा फक्त ‘सौ.’ असतं. महाराष्ट्रात लग्नानंतर पहिलं नावसुद्धा बदलायची रीत होती, तेव्हा एकाच बाईची दोन नावं आणि त्यांतलं एक पुसलेलं. या समाजाने शेजाऱ्यांकडून भाषा घेतली, साडी घेतली, मंगळसूत्र घेतलं, त्याबरोबर नावं लक्षात ठेवायची पद्धतही घेतली.

आणि रब्बिनेटने विचारलं ते फक्त त्या न नोंदलेल्या ओळीबद्दल.

म्हणून मला या प्रकरणाचं मूळ वंशाच्या शुद्धतेत दिसत नाही. एका जागी आठवण बापाच्या गावातून चालत आली आणि दुसऱ्या जागी कायदा आईच्या पोटातून चालत आला. दोन्हींची भेट झाली ती नोंदणीच्या टेबलावर, आणि तिथे एका बाजूला काहीच लिहिलेलं नव्हतं. बायका तर सगळ्या गोष्टीभर आहेत. गलबतातून वाचलेल्या सातजणी आहेत. मासळी निवडणाऱ्या आहेत. सणांना बिरड्यावरून नाव देणाऱ्या आहेत. धर्म टिकला तो त्यांच्या हातून. पण यांतल्या एकीचंही नाव गोष्टीत आलेलं नाही. मुलाखत घेणाऱ्या रब्बीपुढे एखाद्या तरुणीने ‘आमच्याकडे बिनखवल्यांची मासळी कधी शिजली नाही, माझ्या आजीने तिच्या आईकडून हेच पाहिलं’ असं सांगितलं असतं, तर ती डेव्हिड राहाबीला पुरलेली साक्ष होती. १९६२ च्या फॉर्मला ती पुरत नव्हती.

लेखी दाखला मिळवायची धडपड लोकांनी केली असणारच, आणि कुठे काय सापडू शकतं हे आजही माहीत असावं असं आहे. मुंबईतल्या, अलिबागमधल्या सिनेगॉगच्या लग्ननोंदी, कबरींवरची नावं, पलटणीतल्या आणि रेल्वेतल्या नोकरीचे कागद, घरातल्या प्रार्थनापुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर लिहिलेल्या जन्मतारखा. अलिबागच्या इस्रायल आळीतलं मागेन आबोथ १८४८ चं. म्हणजे तिथली नोंद सुरुवातीपासून मिळाली तरी ती एखाद्या मुलीला पणजीच्या आईपर्यंत नेईल, आणि त्याच्या मागे पुन्हा समुद्र.

ठिय्या

बेने इस्रायलांनी आणखी दाखले गोळा करण्याचा मार्ग घेतला नाही. त्यांनी प्रश्नच नाकारला. हा निर्णय मला फार मोठा वाटतो. विधिवत स्नान करून, नावापुरतं धर्मांतर करून लग्न लावून घ्यायची वाट काहींना सुचवली गेली होती. ती सोपी होती. पण ती घेतली की नवगावच्या दोन उंचवट्यांपासूनचं सगळं सांगणं आपल्याच तोंडाने खोटं ठरवल्यासारखं झालं असतं. लग्न मिळालं असतं आणि आजी गेली असती.

मुंबईत निषेधाच्या सभा झाल्या. इस्रायलमध्ये दोन वर्षं अर्जविनंत्या चालल्या, आणि १९६४ च्या उन्हाळ्यात वेगवेगळ्या गावांतून बेने इस्रायल कुटुंबं जेरुसलेमला येऊन ज्यूइश एजन्सी या ज्यूंना इस्रायलमध्ये आणून वसवणाऱ्या संस्थेच्या इमारतीपुढे बसली. शांत, कमी बोलणारी माणसं म्हणून ज्यांची ख्याती होती ती ही. बसल्या जागेवरून उठली नाहीत.

१७ ऑगस्ट १९६४ रोजी सुटीत असलेली क्नेसेट, म्हणजे इस्रायलची संसद, खास बोलावली गेली. पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांच्या सरकारने निवेदन केलं: बेने इस्रायल सर्व अर्थांनी ज्यू आहेत, त्यांच्यात आणि इतर ज्यूंत कसलाही भेद नाही, आणि वैयक्तिक कायद्याच्या बाबतीतही त्यांचे हक्क तेच आहेत. रब्बिनेटने याची दखल घ्यावी, असंही सांगितलं गेलं. महिनाअखेर सूचना बदलल्या. ‘बेने इस्रायल’ हे शब्द काढले आणि ज्यांच्याबद्दल शंका असेल अशा कुणाचीही चौकशी, असा सर्वसाधारण मजकूर घातला.

हा विजय होता, पण नीट वाचला तर चौकशी कुठे गेली नव्हती. फक्त तिच्यावरचं नाव पुसलं होतं. शंका कुणाबद्दल घ्यायची हे टेबलामागच्या माणसावरच होतं, आणि नव्वदच्या दशकातही बेने इस्रायल जोडप्याचं लग्न नोंदवायला नकार दिल्याची तक्रार पुन्हा उठली. तरी मी या बदलाला कमी लेखणार नाही. कायद्याच्या कागदावर आपल्या समाजाचं नाव संशयित म्हणून छापलेलं असणं आणि नसणं यात एका मुलीच्या आयुष्याचा फरक पडतो.

गोरे आणि काळे

एवढं लिहून थांबलो तर हे प्रकरण अर्धंच सांगितलं असं होईल.

बेने इस्रायलांत स्वतःच्या आत एक भेद होता: गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल. गोरे म्हणजे आईबाप दोन्हीकडून गलबताच्या वंशातले. काळे म्हणजे बाप बेने इस्रायल आणि आई बाहेरची, अशांची संतती, पिढ्या कितीही लोटोत. त्यांच्याशी गोऱ्यांचं लग्न होत नसे, पंगत वेगळी बसे. काळा म्हणून ठरलेल्या घराने कितीही शब्बाथ, म्हणजे शनिवारचे विश्रामदिन, पाळले तरी त्याची आई कोण हे गाव विसरत नसे. विसाव्या शतकात हा भेद विरत गेला. पण तो होता, आणि जेरुसलेमच्या रस्त्यावर बसलेल्या वयस्कर माणसांना तो लहानपणी ठाऊक असणारच.

म्हणजे ‘तिची आई कोण’ हा प्रश्न रब्बिनेटने शोधून काढला नव्हता. समाजाने तो आपल्याच माणसांना विचारला होता. मुंबईत आलेल्या बगदादी ज्यूंनी तो बेने इस्रायलांना एकोणिसाव्या शतकापासून विचारला, स्मशानातही वेगळी जागा मागितली. रंगूनला १९३० च्या दशकात सिनेगॉगमधल्या मतदानाच्या हक्कावरून वाद कोर्टात गेला आणि निकाल बेने इस्रायलांच्या बाजूने लागला. प्रत्येक पायरीवरचा माणूस खालच्या पायरीकडे तोच प्रश्न टाकतो.

यामुळे १९६४ ची मागणी लंगडी पडते असं मला वाटत नाही. उलट काळे इस्रायल म्हटल्या गेलेल्या घरांचीही बाजू तीच होती. जी बाई या घरात आली, जिच्या चुलीवर शनिवारी विस्तव पेटला नाही, जिने मुलाची आठव्या दिवशी सुंता केली, ती या घरातली. हा न्याय त्यांना कुणी दिला नाही आणि त्यांनी तो मागायला मोर्चाही काढला नाही. घरातून सांगत आलेल्या गोष्टी ऐकताना मी म्हणून एक सवय लावून घेतली आहे: गोष्टीत कुणाला गलबतात बसवलं आहे ते पाहायचं, आणि कुणाला काठावरच सोडलं आहे तेही. सात जोडप्यांच्या गोष्टीत कोकणातली बाई कुठेच नाही. ती होती, हे काळे इस्रायल या शब्दानेच कबूल केलेलं आहे.

रक्ताची साक्ष

२०१६ मध्ये बेने इस्रायलांच्या जनुकांचा एक सविस्तर अभ्यास प्रसिद्ध झाला. १८ जणांचे नमुने होते. निष्कर्ष असा की त्यांच्यात मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा ठळक वारसा आहे आणि भारतीय वारसाही तितकाच ठळक आहे. दोहोंचं मिश्रण साधारण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी झालं, आणि ज्यू वारसा बापाच्या बाजूने जास्त, भारतीय वारसा आईच्या बाजूने जास्त.

बातम्यांतून हे ‘दंतकथा खरी ठरली’ असं आलं. मला ते घाईचं वाटतं. केहिमकरांनी पूर्वज इसवी सनापूर्वी १७५ च्या सुमारास, अँटिओकस या ग्रीक वंशाच्या राजाच्या छळातून निघाले असं मांडलं होतं. या समाजाला हनुक्का, म्हणजे त्या छळानंतर सुरू झालेला दिव्यांचा सण, माहीत नव्हता, म्हणजे तो सुरू होण्याआधीच हे निघाले असणार, हा त्या बाजूचा आवडता युक्तिवाद. मिश्रणाचा काळ यापेक्षा कितीतरी अलीकडचा आहे. अर्थात मिश्रण कधी झालं आणि माणसं कधी उतरली या दोन वेगळ्या तारखा असू शकतात. पण दोन हजार वर्षांचा आकडा जनुकांनी सिद्ध केला असं म्हणता येत नाही. कुठून आलो हे गोष्टीने बरोबर सांगितलं. कधी आलो यावर तिच्या भरवशावर राहू नये. आणि कोण कोण आलं, याबद्दल तिने सात बायकांच्या जागी बऱ्याच वेगळ्या बायका झाकून ठेवल्या.

मग रब्बींचा संशय बरोबर होता का? हा प्रश्न मला विचारला जातो. आईकडून भारतीय वारसा जास्त आहे याचा अर्थ त्या बायका ज्यू झाल्या नव्हत्या असा होत नाही. धर्म स्वीकारलेली बाई शास्त्राप्रमाणेही पूर्ण ज्यू असते, आणि तिने तो स्वीकारला होता का याचं उत्तर रक्ताच्या थेंबात नाही. ते उत्तर बिरड्याच्या रोजात आहे, झाकलेल्या आंबट भांड्यात आहे. ज्यांची आई कोकणातली होती त्यांनीही तो रोजा धरला, कारण आईने धरायला लावला.

आज लोद, रामला, अशदोद, दिमोना इथे मलिद्याचं ताट मांडतात तेव्हा एलियाहूचं गाणं हिब्रूत असतं आणि त्याआधीची ‘पोहे नीट भिजले का बघ’ ही सूचना बऱ्याच घरांत अजून मराठीत. वयस्कर बायका जुनी बेने इस्रायल कीर्तनं गातात, मोझेसची, योसेफची, मराठी चालींवर. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला तेव्हा इथे राहिलेले फार थोडे होते. नवगावला आता बहुतेक लोक बाहेरगावाहून गाडी करून येतात, स्मारकापाशी उभे राहतात, फोटो काढतात. मुलं विचारतात की इथे कोण पुरलं आहे. नावं सांगता येत नाहीत, म्हणून त्यांना गलबताची गोष्ट सांगितली जाते.